रोमन सरांचा हात

रोमन सरांना स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेता येत नसे. हाताला काही अपाय होता असं नाही. हात चांगले होते. गोरे, लांब बोटांचे, नखं नीट कापलेली. ती नखंसुद्धा दर रविवारी कुमुदताई ओसरीवर बसून कापून द्यायच्या. पाण्याचा माठ स्वयंपाकघराच्या दाराशीच होता. सर त्या माठाशेजारून चालत बाहेरच्या खोलीत यायचे, आरामखुर्चीत बसायचे, आणि मग आत हाक मारायचे, "अगं, पाणी."

आणि या माणसाने सारा जन्म ज्या एका शब्दाच्या अभ्यासात घालवला, त्या शब्दाचा अर्थ होता हात.

मैत्री, तू परवा फोनवर सांगितलंस की तुला शाळेत यंदा लॅटिन आहे आणि नामांची रूपं पाठ करता करता जीव जातो. तुझा भाऊ मागून सांगत होता की मेलेल्या भाषेचा अभ्यास म्हणजे वेळ फुकट घालवणं. मला लॅटिन येत नाही. एक नाम मात्र येतं. त्याची सगळी रूपं येतात, सगळे अर्थ येतात, आणि ते ज्यांच्याकडून शिकले त्यांचा मला आजही राग येतो. क्रमाने लिहिते. दोघांनी वाचा.

सत्तरच्या दशकात आम्ही नाशिकला त्या नव्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा आमच्या मागच्या कुंपणापलीकडे द्राक्षाचा मळा होता. तुमचे आजोबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनियर आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. कॉलनीत बौद्धांचं घर आमचं एकटंच. सामान उतरत असताना शेजारपाजारचे लोक खिडक्यांतून बघत होते, पण दार उघडून भेटायला आले ते एकटे भिंतीपलीकडचे सर. आजोबांपुढे हात करून म्हणाले, "दा मिही मानुम." मग आमचे चेहरे बघून खूश होऊन म्हणाले, "म्हणजे, मला हात द्या. मानुम ही द्वितीया, एकवचन." आजोबांनी हात दिला. सरांनी आमच्या स्टोव्हवरचा पहिला चहा घेतला, वर दोन बिस्किटं खाल्ली. ते गेल्यावर आजोबा म्हणाले, "माणूस मोकळा दिसतो." दिसत होताच. दिसण्याची त्यांनी नीट काळजी घेतली होती.

सकाळी ते काळा कोट घालून कोर्टात जायचे. तिथे त्यांना कामं फारशी नसत, कारण साध्या भाडेकरूच्या भांडणातही ते न्यायाधीशांना रोमची स्थापना समजावून सांगायचे. संध्याकाळी कायद्याच्या वर्गाला रोमन लॉ शिकवायचे, तिथल्याच मुलांनी त्यांना 'रोमन' हे नाव ठेवलं. नावात थट्टा होती, पण सरांना तो किताब वाटला. 'मानुस' हा शब्द ऐकायला आपल्या खेड्यातल्या 'मानूस'सारखा, त्यावरही मुलं वर्षानुवर्षं हसली. तो विनोद शिळा झालेला आहे, इथेच सोडते.

त्यांचा खरा वर्ग भरायचा आमच्या दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवर. मी दोरीवर कपडे घालायला आले की सर पलीकडे उभे. हात पाठीमागे बांधलेले. मी दोन हातांनी ओली चादर पिळत असे आणि ते मला हाताचं व्याकरण सांगत. लॅटिनमध्ये ज्या नामांचा शेवट असा 'उस' होतो ती बहुतेक पुल्लिंगी असतात, हे एक मात्र स्त्रीलिंगी. आपला मराठी हात पुल्लिंगी, संस्कृतातला हस्त पुल्लिंगी, रोमन लोकांचा हात बाई. "वेश पुरुषाचा, जात बाईची," सर म्हणायचे. "म्हणूनच कामाला वाघ." आणि स्वतःच हसायचे. मानुस, मानूस, मानुई, मानुम, मानू. अनेकवचनात मानूस, मानुउम, मानिबुस. हे मी त्या दोरीपाशी शिकले. त्यातला उकार लांबवला की अर्थ 'हाताचा' होतो, हे समजावताना ते ओठांचा चंबू करत आणि तो बराच वेळ तसाच ठेवत. ती चादर कोणी दुसऱ्या टोकाला धरली असती तर लवकर पिळून झाली असती, हे त्यांच्या कधीच मनात आलं नाही. तृतीया विभक्ती रोमन लोकांना नव्हती, 'हाताने' म्हणायचं तर पंचमीकडून काम करून घेत, असं ते एकदा म्हणाले. "आहे त्या माणसांत भागवणं, बाई. हेच साम्राज्याचं रहस्य."

अर्थ सांगताना त्यांना जास्त रंग चढायचा. मानुस म्हणजे हात. मग हाताचं अक्षर. मग हत्तीची सोंड, मूठभर शिपायांची टोळी, शत्रूचं जहाज ओढून आणायचा लोखंडी आकडा. आणि सगळ्यांत शेवटी, घसा साफ करून, बायकोवरची सत्ता. जुन्या रोममध्ये लग्न लागलं की बायको नवऱ्याच्या मानुसमध्ये जायची. कायद्याच्या नजरेत ती त्याची मुलगीच. हे ते कुमुदताईंच्या देखत, पाहुण्यांपुढे, दर वेळी नव्याने सांगायचे.

"मुलीकडून कोणी नखं कापून घेत नाही," कुमुदताई एकदा चहाचे कप गोळा करता करता म्हणाल्या.

"बघा," सर पाहुण्यांना म्हणाले, "कायद्याचा मुद्दा मांडते. माझ्याकडूनच शिकली."

कुमुदताई बुटक्या, सावळ्या आणि तोंडाने तिखट होत्या. मूलबाळ नव्हतं. मला त्या 'प्रोफेसरीणबाई' म्हणायच्या आणि माझ्या साडीच्या निऱ्या बघून नाक मुरडायच्या. "तुम्ही मुलींना शिकवता म्हणे. निऱ्या घालायला कोणी शिकवलं नाही का तुम्हाला?" सरांच्या घरात जे जे हाताने होत होतं ते त्यांच्या हाताने होत होतं. एवढंच नाही, सरांचं लिखाणही. 'मानुस' या एका शब्दावर त्यांना इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहायचं होतं. लिहायचं म्हणजे सांगायचं. दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून ते बोलत आणि कुमुदताई खाली सतरंजीवर बसून उतरवून घेत. इंग्रजी त्यांना बेताचं येई, लॅटिन मुळीच नाही. पण अक्षर असं, की छापल्यासारखं. रोमन लोक अशा लिहून घेणाऱ्या गुलामाला 'आ मानू' म्हणत, हातापाशी बसणारा. सरांनी मला हे कौतुकाने सांगितलं. गुलाम हा शब्द उच्चारताना त्यांना काही खटकलं नाही.

एक गोष्ट त्यांच्या नावावर जमा करते, कारण न करणं अप्रामाणिक होईल. 'मुक्ती' या अर्थाचा जो मोठा इंग्रजी शब्द मी वर्गात जन्मभर शिकवला, एमॅन्सिपेशन, त्याच्या पोटात हाच हात आहे, हे मला सरांनी दाखवलं. दुसऱ्याच्या हातातून बाहेर येणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मी त्या दिवशी घरी येऊन आजोबांना सांगितलं आणि आजोबांनी जेवण थांबवून तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. आमच्यासारख्यांच्या घरात तो शब्द नुसता शब्द नव्हता. सरांना तो पूर्ण माहीत होता, अगदी मुळासकट. त्याचा उपयोग काय करायचा, हे तेवढं त्यांना कळलं नाही.

कुमुदताईंनी लग्नाआधी चित्रकला शिक्षिकेचा कोर्स पुरा केला होता, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. कळलं ते असं. माझ्या भाजीच्या पिशवीतून एक वांगं त्यांच्या ओसरीवर पडलं, आणि मी आत जाऊन पाणी पिऊन येईपर्यंत त्यांनी खडूने फरशीवर त्याच्या देठाचे काटेसुद्धा काढले होते. मी बघितलं तशा त्यांनी पायाने पुसून टाकलं.

"कुठे शिकलात?"

"पुण्याला. माझे वडील हौशी होते. मग स्थळ आलं. स्थळाला लॅटिन येत होतं."

कॉलनीजवळच्या मुलींच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई त्या दिवाळीला निवृत्त होणार होत्या. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या. मी बोलले. दिवाळीच्या सुट्टीनंतर कमिटीपुढे फळ्यावर काही मुक्तहस्त काढून दाखवायचं, जमलं तर जागा तुमच्या मैत्रिणीची, असं त्या म्हणाल्या. कुमुदताईंना हे सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. निवडलेले आणि न निवडलेले त्यांनी पुन्हा एकत्र केले आणि पहिल्यापासून निवडायला घेतले. त्यांना ती नोकरी किती हवी होती हे मला त्यावरून समजलं.

सरांनी परवानगी दिली. ती देताना त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की मानुसमधल्या बायकोला रोममध्ये स्वतःचं असं काही मिळवता येत नसे, जे मिळेल ते नवऱ्याचं. "पण आपण आधुनिक आहोत," ते म्हणाले. "फक्त माझा चारचा चहा सांभाळ."

श्रावणात सरांच्या घरामागच्या फरशीवर शेवाळ धरायचं. बंब परसात होता आणि गरम पाण्याची बादली तिथून न्हाणीघरात कुमुदताई नेऊन ठेवत. श्रावण संपता संपता एका सकाळी सर पंचा गुंडाळून भिंतीशी आले आणि मला म्हणाले, "बाई, जरा येता का? पाणी सांडलंय."

मी जाऊन बघितलं. पाणी सांडलं होतंच. त्यात कुमुदताई उजवं मनगट डाव्या हातात धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या कपाळावर घाम होता. मी टांगा आणायला धावले. आम्ही निघालो तेव्हा सर दारात उभे होते आणि त्यांनी विचारलं, "मग आता अंघोळीचं कसं?"

डॉक्टरांनी मनगट बसवून कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे हात हलवायचा नाही. कुमुदताईंनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे दिवाळीच्या आत सुटतो." डॉक्टर म्हणाले, "सुटतो. पण तोवर ओझं नाही, वाटण नाही, धुणं नाही." परत येताना टांग्यात त्या जवळपास आनंदात होत्या. "सहा आठवडे वाटण नाही," त्या म्हणाल्या. "मनगट आधी मोडायला हवं होतं."

आमच्या घरून भाजी-पोळी जाऊ लागली. सर ती जेवत. आमच्या हातचं ते नेहमीच जेवत आले होते. एकदा तर आजोबांबरोबर अंड्याची पोळीही खाल्ली होती आणि रोमन लोकांच्या मेजवानीची सुरुवात अंड्यानेच होई असं सांगून दुसरी मागितली होती. म्हणून पुढे जे झालं त्याची मला कल्पना आली नाही.

पितृपक्ष आला. सरांच्या वडिलांची तिथी त्यात होती. प्लास्टरला तेव्हा सहाच्या निम्मे आठवडेही झाले नव्हते. मी सरांना म्हणाले की त्या दिवशीचा स्वयंपाक मी करून देते, सगळं तुमच्या पद्धतीने, तुमच्याच ओट्यावर, तुमच्या भांड्यांत.

सर अतिशय गोड हसले. "तुमचं मन मोठं आहे, बाई. मला काही अडचण नाही. पण पितर जुन्या वळणाचे."

असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते, फक्त लॅटिन येणाऱ्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मग मी म्हटलं, तुमच्यातल्याच एखाद्या स्वयंपाकीणबाईंना बोलवा, पंचवटीत हव्या तेवढ्या मिळतील.

"घरची सवाष्ण धडधाकट असताना?"

"धडधाकट कुठे आहेत? हात मोडलाय त्यांचा."

"मोडला होता. आता जुळत आला." मग त्यांनी मला खरी अडचण सांगितली, अगदी शांतपणे, वर्गात सांगतात तशी. अडचण हाताची नव्हती, प्लास्टरची होती. दवाखान्यात कोणत्या कंपाउंडरने घातलं, आत कापूस कुठला, पट्टी कुणी भिजवली, काय माहीत. ते अंगावर घेऊन सोवळ्यात कसं शिरणार? ते धुता येत नाही, सोडून ठेवता येत नाही. "रोमन लोकसुद्धा पितरांना जेवू घालत, बाई. अस्वच्छ हाताने नाही."

मी कुमुदताईंना सांगितलं की हे होऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, "ते मला प्लास्टर काढ म्हणाले नाहीत. नुसती तिथी सांगतात. सकाळी सांगतात, जेवताना सांगतात, दिवा लावताना सांगतात. तुम्ही घरी जा, प्रोफेसरीणबाई. दिवाळीला अजून अवकाश आहे. एका दिवसाचं तर काम."

तिथीच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा त्यांच्या परसात, केळीच्या खाली, प्लास्टर पडलं होतं. गल्लीतल्या दवाखान्याच्या कंपाउंडरने येऊन कापून दिलं होतं. दोन पांढऱ्या पन्हळी, आतून हाताचा आकार तसाच राहिलेला, अंगठ्याच्या जागेसह. मोहरीएवढ्या मुंग्या त्यातून फिरत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून भिंतीपलीकडून पाट्यावर वरवंटा ओढल्याचा आवाज येत होता. वड्यांची डाळ, आमसुलाची चटणी, खिरीसाठी नारळ. मधूनमधून आवाज थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा. आजोबा रात्रपाळीहून आले होते, ते अंथरुणावर उठून बसले आणि म्हणाले, "जाऊन सांगू का त्याला?" मी म्हटलं, "काय सांगणार? त्याला सगळं येतं."

दुपारी सर तृप्त होऊन भिंतीशी आले आणि म्हणाले की वडे अगदी आईच्या हातचे झाले होते.

हाड सरकलं होतं. ते तसंच, वाकडं जुळलं. डॉक्टर सरांवर ओरडले. सरांनी ऐकून घेतलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मला म्हणाले की या माणसाच्या बोलण्यात कर्ता कुठे आणि कर्म कुठे याचा पत्ता नाही. बोटं हलतील, पण मूठ आवळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या वाक्यात कर्ता-कर्म चोख होते.

दिवाळीनंतर कुमुदताई शाळेत गेल्या. मी सोबत होते. त्यांनी हिरवी साडी नेसली होती आणि निऱ्या माझ्याकडून घालून घेतल्या होत्या, "वाईट तर वाईट," म्हणून. कमिटीतले तिघे खुर्च्यांवर बसले. कुमुदताईंनी खडू घेतला आणि जास्वंदीचं फूल काढायला सुरुवात केली. पहिली पाकळी सुरेख आली. दुसऱ्या पाकळीच्या वळणावर खडू बोटांतून निसटला. त्यांनी वाकून उचलला. पुन्हा तिथेच निसटला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सावकाश, घाई नाही." तिसऱ्यांदा त्यांनी खडू उचलला नाही. डस्टर घेऊन डाव्या हाताने ती एक पाकळी स्वच्छ पुसली आणि कमिटीला म्हणाल्या, "फळा कोरा देते. दुसऱ्या बाई बघा."

घराच्या फाटकाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "चार वाजले असतील."

सर ओसरीवर होते. चार वाजलेच होते. चहाचं विचारायच्या आधी त्यांनी निकाल विचारला, एवढं मान्य करते. कळल्यावर म्हणाले, "जाऊ दे. पुस्तकाला वेळ मिळेल." मग त्यांच्या लक्षात आलं असावं की त्या हाताने पुस्तकही होणार नाही. तेव्हा कुठे, दिवाळी उलटल्यावर, मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडलेला पाहिला.

आठवड्याभरात घोटीहून कुमुदताईंचे भाऊ आले. ते तिथल्या भाताच्या गिरणीत कामाला होते. फार सरळ माणूस, सरांपुढे नेहमी उभाच राहायचा. बहिणीला थोडे दिवस नेतो म्हणाले. सरांनी विचारलं, "किती दिवस?" भाऊंनी ताईंकडे पाहिलं.

"हात बरा झाला की येते," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी ट्रंक घेतली नाही, एक पिशवी घेतली. मी त्यांना घोटीच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाल्या, "निऱ्या सुधारा."

चार-पाच दिवसांनी सर भिंतीशी आले. दाढी वाढली होती. त्यांनी मला नवीन काही सांगितलं: जुन्या रोममध्ये विधीशिवाय लग्न झालं असेल तर बायको वर्षभर सलग नवऱ्याच्या घरात राहिली की आपोआप त्याच्या मानुसमध्ये येई, पण वर्षातून तीन रात्री ती सलग बाहेर राहिली की ती सत्ता तुटायची. फार मार्मिक तरतूद होती ती, ते म्हणाले. हसण्याचा प्रयत्न केला. "तीन होऊन गेल्या, बाई."

मला त्या क्षणी त्यांची दया यायला हवी होती. मी दोरीवरचे कपडे काढत होते. मी म्हटलं, "सर, ही चादर जरा धरता का त्या टोकाला?" ते गोंधळले. पाठीमागचे हात पुढे आले, त्यांनी चादरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आलोच. आत दूध ठेवलंय." घरात दूध नव्हतं. गवळी ते आमच्याकडे ठेवून जात होता.

कुमुदताई आल्या नाहीत. सरांना खानावळीचा डबा सुरू झाला. कोण रांधतं, कोण भरतं, कुठल्या हाताचं, त्यांनी कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी पितृपक्षात मी मुद्दाम विचारलं, की यंदा तिथीचं काय केलंत? ते म्हणाले, "शिधा दिला. तांदूळ, डाळ, तूप. बायको घरात नसली की कोरडा शिधा देऊन श्राद्ध होतं. शास्त्रात सोय आहे."

"ती सोय गेल्या वर्षी नव्हती का?"

"गेल्या वर्षी ती घरात होती, बाई," सर म्हणाले. त्यांना उत्तर बिनचूक वाटलं.

अशी काही वर्षं गेली. भेटेल त्याला सर सांगत, की ती माहेरी आहे, हात बरा झाला की येणार आहे. आधी लोक विचारायचे म्हणून सांगत, पुढे न विचारता सांगू लागले. घोटीला मी अधूनमधून जात असे. कुमुदताई भावाच्या घरात होत्या, आवाज चढलेला, थोड्या जाड झालेल्या. डाव्या हाताने तांदूळ निवडायच्या. चित्राचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं असताना सर गेले, झोपेत. कुमुदताई भावाबरोबर आल्या. दहाव्या दिवशी सरांचा पुतण्या आणि चार नातेवाईक पिंड घेऊन गोदावरीवर गेले, भाऊही गेले. मी कुमुदताईंजवळ बसले होते. सरांच्या आरामखुर्चीवर कोणीतरी टॉवेल वाळत टाकला होता.

ऊन वर आल्यावर भाऊ रिक्षाने एकटेच परत आले. आत येऊन उभे राहिले.

"ताई, कावळा शिवत नाहीये."

"मग?"

"सगळ्यांनी सांगून पाहिलं. पुस्तक छापू म्हटलं, घर राखू म्हटलं. कावळे बसलेत समोर, पण येत नाहीत. गुरुजी म्हणतात, काहीतरी मनात राहिलंय." भाऊंनी उपरण्याने मान पुसली. "ते सारखं म्हणायचे ना, हात बरा झाला की येणार. तेवढं तिथे म्हणू का? की ताईचा हात बरा झाला, ती घरी आली. बाकी काही नाही. नुसतं म्हणायचं."

कुमुदताईंनी उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं मिटून बघितली. ती अर्ध्यावर थांबली.

"नाही झाला," त्या म्हणाल्या.

"अगं, ते मला कळतं. पण माणूस गेलाय. त्या जागी एक शब्द बोलायला काय जातं?"

"माझं गेलंय, भाऊ. तू काय बोलशील ते खरं बोल. झाला नाही म्हणावं. होणार नाही असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, ते पण सांग. ते तिथेच होते."

भाऊ माझ्याकडे बघू लागले, मी समजूत घालेन म्हणून. मी घातली नाही. ते गेले.

ते आणि बाकीचे परत आले तेव्हा बारा वाजून गेले होते. भाऊ पायरीवरच बसले. फार वेळ वाट पाहिली, ते म्हणाले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला.

"गवताचा चालतो म्हणजे," कुमुदताई म्हणाल्या, आणि भावाला हात-पाय धुऊन आत यायला सांगितलं.